चार कोअरच्या घरच्या पीसीला कुठला मदरबोर्ड घ्यायचा?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला कळलाय तसा मांडतो. मुलगा अकरावीला आहे, त्याला कोडिंग शिकायचंय आणि थोडेफार गेम खेळायचेत, तुमचं घरूनच टॅलीचं आणि रिटर्न भरायचं काम चालतं, आणि जुना व्हीजीएवाला मॉनिटर तुम्हाला ठेवायचाय. दुकानदाराने कोटेशन दिलंय त्यात आय३ १२१००एफ प्रोसेसर, बी७६० चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप, तिच्याच नावाने बोर्ड ओळखतात) बोर्ड, ८ जीबीची एक रॅम, २५६ची एसएसडी आणि कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. दीर म्हणतायत एवढे पैसे कशाला घालवता, जुना थर्ड जनरेशनचा आय५ आणि नवा कोरा एच६१ बोर्ड घ्या, तोही चार कोअरचाच, अर्ध्याहून कमीत काम होतं. आणि तुम्ही विचारताय की बी७६० घेऊ, एच६१० घेऊ की दिरांचं ऐकू.

मी नारायण पेठेत गेली अठरा-एकोणीस वर्षं असेंब्ली आणि रिपेअरिंग करतोय, सुरुवातीला तर एकेका पार्टसाठी सकाळच्या गाडीने मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचो आणि रात्री पिशवी मांडीवर घेऊन परत, त्यामुळे ग्राहकाचे पैसे कुठे उगाच जातात ते चांगलं माहितीये. तुमच्या बाबतीत एच६१० पुरतो, डीडीआर४ रॅमवाला. पण कुठलाही एच६१० नाही, आणि त्याआधी त्या कोटेशनमधला 'एफ' काढून टाका.

एफपासूनच सुरू करतो कारण बोर्डाचा सगळा हिशोब त्यावर आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्स नसतं. बोर्डाच्या मागे व्हीजीए असू दे, एचडीएमआय असू दे, एफवाला प्रोसेसर लावला की ती सगळी भोकं मुकी, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही. तुमच्या कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्ड कुठेच नाहीये! मागे कर्वेनगरचा एक मुलगा मशीन खांद्यावर घालून आला, काका बोर्ड गेलाय, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, दोन दिवस रॅम काढ-घाल करतोय म्हणाला. उघडून बघितलं तर प्रोसेसर एफवाला आणि केबल बोर्डाच्या एचडीएमआयला. ड्रॉवरमधलं एक जुनं कार्ड लावलं, केबल कार्डाला दिली, लगेच डिस्प्ले. बोर्ड ठणठणीत होता, त्याला विकतानाच कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही साधा १२१०० घ्या, त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, टॅली, ब्राउझर, व्हिडिओ, हलके गेम सगळं त्यावर होतं. एफपेक्षा थोडे पैसे जास्त पडतात पण तुमच्यासाठी तोच खरा स्वस्त.

आता बी७६० आणि एच६१०. बोर्ड महाग असला की मशीन फास्ट चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. एकच १२१०० दोन्ही बोर्डांवर जवळजवळ सारखाच पळतो. जास्तीच्या पैशात जागा आणि सोयी मिळतात. बी७६०ला साधारण दोन एम.२ स्लॉट (चपटी एसएसडी बसवायची खाच), त्यातला एक थेट प्रोसेसरला जोडलेला पीसीआयई ४चा (डेटा जायच्या रस्त्याची ही चौथी, जास्त वेगाची पिढी), बऱ्याच बोर्डांना रॅमचे चार स्लॉट, ३२००च्या वरची रॅम पूर्ण स्पीडला चालवता येते, आणि पॉवर सेक्शनवर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा. एच६१०ला रॅमचे दोनच स्लॉट, डीडीआर४ ३२००पर्यंतच, एम.२ बहुतेक वेळा एकच आणि तो पीसीआयई ३चा. ऐकायला मोठा फरक वाटतो. पण पीसीआयई ३वरची एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला तीन-साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेला थांबते, तुमची टॅलीची फाईल यातल्या कशावरही डोळा मिटेपर्यंत उघडणार. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवायचा, तर प्रश्नच नाही, १२१०० मुळातच लॉक केलेला प्रोसेसर आहे.

पॉवर सेक्शनचं जरा नीट सांगतो कारण दुकानात याच मुद्द्यावर महाग बोर्ड गळ्यात मारतात. एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट किंवा त्याहून कमी. हे खाली आणायचं काम सॉकेटच्या बाजूला जे राखाडी चौकोनी ठोकळे दिसतात, म्हणजे चोक, आणि त्यांच्या शेजारच्या चपट्या काळ्या चिपा, म्हणजे मॉसफेट, ते करतात, या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. १२१००चा टर्बोमधला, म्हणजे जोरात पळतानाचा, कमाल आकडा ८९ वॅट आहे, भागिले १.२ व्होल्ट केलं तर ७४ अँपिअर होतात, घरातल्या एसीचं सॉकेट १६ अँपिअरचं असतं त्यावरून अंदाज करा की त्या एवढ्याशा चिपांमधून काय करंट जातो. पण हे कमाल झालं, नेहमीच्या कामात प्रोसेसर याच्या कितीतरी खाली असतो आणि साध्या एच६१०चा व्हीआरएम हे आरामात झेपवतो, आपल्या एप्रिल-मेच्या चाळीस डिग्रीतसुद्धा, फक्त कॅबिनेटला मागे एक हवा बाहेर फेकणारा पंखा पाहिजे. हाच बोर्ड घेऊन उद्या आय७ १२७०० बसवला तर तो टर्बोमध्ये १८० वॅट मागतो, म्हणजे दीडशे अँपिअर, आणि हीटसिंक नसलेल्या बोर्डावर व्हीआरएम तापून प्रोसेसर स्वतःचा स्पीड कमी करून घेतो. म्हणून दोन-तीन वर्षांत आय७ला जायचं पक्कं असेल तर मी स्वतः बी७६० घ्या म्हणेन. आय५ १२४००पर्यंतच जायचं असेल तर चांगला एच६१० चालतो. बारावीनंतर मुलाने व्हिडिओ एडिटिंग वगैरे धरलं तर जुन्या बाजारातून १२४०० घेऊन याच बोर्डावर बसवायचा, बाकी काही हलवायचं नाही.

मग एच६१० निवडताना काय बघायचं? एकच विचार करा, नंतर पैसे टाकूनही जे बोर्डाला जोडता येत नाही ते आत्ताच असलं पाहिजे. वायफाय नसलं तर यूएसबीचं डोंगल मिळतं, यूएसबी कमी पडले तर हब मिळतो, पण एम.२ स्लॉटच नसेल तर तो पुढे चिकटवता येत नाही. अगदी स्वस्तातल्या काही बोर्डांवर तो नसतो किंवा फक्त साटावाला असतो, त्यामुळे डब्यावर एनव्हीएमईचा उल्लेख आहे का ते वाचा. दुसरं, मागची पट्टी स्वतः डोळ्यांनी बघा, नुसतं 'डिस्प्ले आहे' एवढ्यावर जाऊ नका, तुमच्या मॉनिटरला व्हीजीए लागतो तर व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असलेलाच घ्या, म्हणजे पुढे नवा मॉनिटर आणला तरी चिंता नाही. (फोर के टीव्ही जोडायचा कधी विचार असेल तर एचडीएमआय कुठल्या व्हर्जनचं तेही विचारा, १.४ असेल तर फोर के फक्त ३० हर्ट्झवर चालतं आणि माउस ओढल्यासारखा वाटतो.) तिसरं, समोरच्या यूएसबी ३साठी बोर्डावर १९ पिनचा निळा किंवा काळा हेडर (वायर जोडायची पिनांची जागा) असतो तो आहे का आणि तुमच्या कॅबिनेटला तशी वायर आहे का. आणि प्रोसेसरच्या पंख्याव्यतिरिक्त कॅबिनेटच्या पंख्यासाठी निदान एक हेडर पाहिजे.

डीडीआर४ की डीडीआर५ हे मात्र दुकानात दोनदा विचारा. एकाच नावाचे एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारात येतात, नावाच्या शेवटी डी४ किंवा डीडीआर४ एवढाच फरक असतो आणि घाईत चुकीचा डबा हातात येतो. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसतच नाही, आणि जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट तुटतो. रॅमचे भाव वरखाली होत असतात त्यामुळे खरेदीच्या दिवशी बोर्ड आणि रॅम मिळून बेरीज करा, नुसता बोर्डाचा भाव बघू नका. डीडीआर४ मी यासाठी म्हणतो की चार कोअरच्या घरगुती कामात डीडीआर५चा फरक जाणवत नाही आणि नंतर वापरलेली डीडीआर४ सहज मिळते. आणि रॅम घेताना ८ची एक घेण्यापेक्षा ८ अधिक ८ घ्या, बी७६० सोडून जे पैसे वाचतायत त्यातले काही इथे टाका. यूएचडी ७३०ला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच उसनं घेतं, दोन स्टिक असल्या की दोन रस्ते मिळतात आणि गेममध्ये फरक लगेच दिसतो. आत्ता एकच परवडत असेल तर ८ची एक लावा आणि एक स्लॉट मोकळा ठेवा, पण ४ अधिक ४ कधीच घेऊ नका, दोनच स्लॉट आहेत ते दोन्ही अडून बसतात.

आता दिरांचं म्हणणं, आणि ते चुकीचं म्हणून उडवून लावणार नाही कारण थर्ड जनरेशनचा आय५ ३४७० हा त्याच्या काळात फार चांगला चार कोअरचा प्रोसेसर होता, अजून कित्येक मशीन माझ्याकडे सर्व्हिसला येतात आणि चालतात. अडचण बोर्डाची आहे. एच६१ हा २०११चा चिपसेट. त्याला स्वतःचं यूएसबी ३ नाही, साटा ३ गिगाबिटवाली म्हणजे चांगली एसएसडी लावली तरी अर्ध्याच स्पीडला चालते, रॅम डीडीआर३. बाजारात आज जे 'नवे कोरे' एच६१ मिळतात त्यांच्यावरचा चिपसेट बऱ्याचदा जुन्या बोर्डांवरून काढून परत बसवलेला असतो, डबा नवा, पट्टी चकचकीत, आतला जीव जुना. वॉरंटी दुकानदाराच्या तोंडी शब्दाची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, टीपीएम २.० (पासवर्ड, किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) लागतं. काही जण पळवाट काढून टाकून देतात, चालतंही, पण तुम्ही त्या मशीनवर लोकांचे पॅन नंबर, बँकेचे लॉगिन, रिटर्नचे पासवर्ड वापरता, तिथे मी असलं मशीन कोणालाच देणार नाही. लहान दुकानाचं साधं बिलिंग किंवा मुलाला लिनक्स शिकायला दुसरं मशीन म्हणून ठीक आहे, तुमच्या कामाचं मशीन म्हणून नाही. १२१००वर टीपीएमचं काम प्रोसेसरमधलंच पीटीटी करतं, वेगळी चिप लागत नाही, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) ते चालू आहे एवढंच बघायचं.

एएमडीचा पर्याय कोणीतरी सुचवेलच म्हणून सांगतो. रायझन ३ ४१०० चार कोअरचा आणि स्वस्त आहे पण त्यातही ग्राफिक्स नाही, म्हणजे एफचीच गोष्ट. ३२००जी मध्ये चांगलं वेगा ८ ग्राफिक्स आहे पण थ्रेड, म्हणजे एका वेळी चालवता येणारी कामं, चारच, १२१००ला आठ, आणि एक खड्डा असा की ए५२० आणि बी५५० चिपसेट नवीन असूनही एएमडीच्या अधिकृत यादीत ३२००जीला सपोर्ट नाहीये, बी४५०ला आहे. नवीन बोर्ड जुना प्रोसेसर घेईलच असं धरून चालू नका, बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते ती मोबाईलवर उघडून दुकानातच बघायची, दोन मिनिटांचं काम आहे.

तेच बायोसचं. १२१०० कुठल्याही एच६१०वर डबा उघडल्या उघडल्या चालतो. दुकानदार म्हणाला १२१०० संपला, १३१०० किंवा १४१०० घ्या, तर प्रोसेसर चांगलेच आहेत, तेही चार कोअर आठ थ्रेडचे, पण शेल्फवर दोन-तीन वर्षं पडलेला बोर्ड बायोस अपडेट केल्याशिवाय ते ओळखणार नाही. अपडेट करून, डिस्प्ले दाखवून मगच द्या म्हणायचं.

उरलेले पैसे एसएमपीएसवर घाला, मी अगदी कळकळीने सांगतोय. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, आणि माझ्या टेबलावर मेलेले जे बोर्ड येतात त्यातले पुष्कळ त्याच्याच पायी मेलेले असतात. ८० प्लसवाला (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र असलेला) चांगल्या कंपनीचा ४५० घ्या, त्याला प्रोसेसरसाठी ८ पिनची वायर असते, जुन्यांना चारच पिन असायच्या. आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. सदाशिव पेठेत एका वाड्यात एका निवृत्त मास्तरांकडे वर्षभरात दोनदा बोर्डाचे यूएसबी पोर्ट गेले. तिसऱ्यांदा मी घरी गेलो, कॅबिनेटला उलटा हात लावला तर मुंग्या आल्या. प्लगला तिसरी पिन होती पण भिंतीत तिची वायर कुठेच जोडलेली नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर सप्लायच्या निम्म्या व्होल्टेजवर कॅबिनेट नेऊन ठेवतात, करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला नुसती चुणचुण होते, पण मॉनिटर किंवा प्रिंटरची केबल लावताना तोच झटका पोर्टमधून बोर्डात शिरतो. इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग ओढून घेतलं, तापकीर गल्लीतून चांगला स्पाइकवाला एक्स्टेन्शन बोर्ड आणला, त्यानंतर त्यांचा मदरबोर्ड गेलेला नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा टॅली उघडं असेल तर डेटा खराब होतो, त्यामुळे साधा ६०० व्हीएचा यूपीएसही यादीत धरा.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या. १८ टक्के वाचवून देतो म्हणून चिठ्ठीवर देणारे भेटतील, पण चांगल्या कंपन्यांच्या बोर्डाला आपल्याकडे साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि त्या चिठ्ठीवर तिचं काही खरं नाही. बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि डब्यावरच्या स्टिकरशी जुळवून बघा.

असेंब्ली मुलगा स्वतः करणार असेल तर जरूर करू द्या, त्याला फार आवडेल, फक्त दोन जागा सांभाळायच्या. एच६१०चे बरेच बोर्ड रुंदीला कमी असतात, त्यांना सहाच स्क्रू लागतात, उजवी कड खाली टेकूशिवाय हवेत राहते, आणि २४ पिनचा जाड कनेक्टर नेमका त्याच कडेला. तो दाबताना बोर्ड वाकतो, म्हणून डाव्या हाताची दोन बोटं खालून घालून आधार द्यायचा आणि मग दाबायचा, किंवा कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी टेबलावर रॅम आणि पंखा लावून घ्यायचा. पंखा प्रोसेसरच्या डब्यातलाच वापरा, घरात जुन्या मशीनचा कूलर असेल तर तो यावर बसत नाही, भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झालंय.

दुसरी जागा सॉकेट. या प्रोसेसरला पिना नसतात, पिना बोर्डावर असतात, १७०० बारीक सोनेरी पिना, केसासारख्या, आणि त्यावर काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते झाकण आधी नखाने उपटायचं नाही. तरफ उघडायची, चौकट वर करायची, प्रोसेसर कडेने धरून त्याचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून अलगद ठेवायचा, सरकवायचा नाही, सोडला की तो आपोआप बसतो. मग चौकट खाली आणि तरफ दाबायची, तेव्हा करकर असा आवाज येतो, पहिल्यांदा करणारा माणूस तिथे घाबरून थांबतो, पण तो आवाज बरोबर आहे, दाबत राहायचं, झाकण आपणहून उडून बाहेर येतं. ते झाकण कचऱ्यात टाकू नका. बोर्डाच्या डब्यात बिलासोबत ठेवा, पुढे वॉरंटीला बोर्ड द्यायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आधी भिंगाने पिना बघतात, एक जरी वाकलेली दिसली तरी फिजिकल डॅमेज म्हणून बोर्ड परत देतात, आणि त्या पिना वाटेत रिक्षाच्या धक्क्यात सांभाळणारं तेवढं एकच झाकण असतं.